मित्राचा न सापडलेला ग्रह

सेकंदाला ५१ सेंटीमीटर. देवळात प्रदक्षिणा घालणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या एखाद्या आजीचा वेग साधारण एवढा असतो. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये युरोपातल्या खगोलशास्त्रज्ञांच्या एका गटाने जाहीर केलं, की ४.३७ प्रकाशवर्षं दूरचा एक अख्खा तारा या वेगाने जरासा आपल्याकडे सरकतो आणि परत मागे जातो. एक हेलकावा पूर्ण व्हायला ३.२४ दिवस लागतात. म्हणजे त्याला कुणीतरी ओढतंय. हिशोब केला तर ओढणारा ग्रह वजनाने जवळपास पृथ्वीएवढा निघत होता.

तारा होता अल्फा सेंटॉरी बी. आपल्याकडे अल्फा सेंटॉरीला 'मित्र' म्हणतात. मे महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमारास पुण्याहून दक्षिणेला पाहिलं तर क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर तो दिसतो. अर्थात समोर टॉवर नसेल तर. डोळ्यांना एकच ठिपका दिसतो, पण ते दोन तारे आहेत, ए आणि बी. सुमारे ८० वर्षांत ते एकमेकांभोवती एक फेरी मारतात. तिसरा एक लहानसा लाल तारा, प्रॉक्सिमा, त्यांच्यापासून बराच लांब आहे आणि आपल्याला थोडा जवळ, ४.२४ प्रकाशवर्षांवर. सूर्य सोडला तर हेच आपले सख्खे शेजारी.

शेजाऱ्याच्या घरी पृथ्वीएवढा ग्रह! बातमी जगभर गेली. तो ग्रह ताऱ्याला इतका चिकटून होता की तिथे जीवसृष्टी वगैरे शक्यच नव्हती, पण एक असेल तर आणखीही असतील असं सगळ्यांना वाटलं.

तीन वर्षांनी, २०१५ मध्ये, ऑक्सफर्डच्या तिघांनी एक पेपर लिहिला. त्याचा सारांश असा, की तिथे ग्रह नाही. निदान या आकड्यांमध्ये तरी नाही.

पहिल्या पेपरबद्दल भरपूर लिहून आलंय. मला लिहायचंय ते या दुसऱ्याबद्दल.

*

ताऱ्याचा वेग मोजतात कसा, इथून सुरुवात करावी लागेल.

ताऱ्याचा प्रकाश लोलकातून किंवा बारीक रेघोट्यांच्या जाळीतून नेला की रंगांचा पट्टा पडतो. नीट, खूप ताणून पाहिला तर त्या पट्ट्यात काळ्या रेषा दिसतात. १८१४ मध्ये जोसेफ फ्राउनहोफर नावाच्या जर्मन भिंगकाराने सूर्याच्या वर्णपटात अशा शेकडो रेषा नोंदवल्या. त्या कशाच्या, हे त्याला माहीत नव्हतं. ते किरखॉफ आणि बुन्सेन यांनी १८६० च्या आसपास उलगडलं. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक रंगच गिळतं. लोखंडाच्या रेषा वेगळ्या, सोडियमच्या वेगळ्या. ताऱ्याचा वर्णपट म्हणजे त्याच्या वातावरणाचा बारकोड.

आता हा तारा आपल्याकडे येत असेल तर सगळा बारकोड एकत्रच किंचित निळ्याकडे सरकतो, लांब जात असेल तर लालकडे. जवळ येणाऱ्या रेल्वेची शिट्टी चढी आणि लांब जाणाऱ्या रेल्वेची उतरती ऐकू येते, तोच हा डॉप्लर परिणाम.

तत्त्व शाळेतलं आहे. अडचण आकड्यांत आहे. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. तारा सेकंदाला एक मीटर सरकला तर रेषा मूळ तरंगलांबीच्या तीस कोटीव्या भागाइतकी हलते. हिरव्या प्रकाशात हा फरक ०.०००००१७ नॅनोमीटर येतो. मी हा आकडा तीनदा करून पाहिला, कारण शून्यं मोजताना नजर घसरत होती.

म्हणून रिझोल्यूशन लागतं. रिझोल्यूशन म्हणजे अगदी शेजारशेजारचे दोन रंग वेगळे ओळखण्याची ताकद. ते किती महत्त्वाचं आहे याचं सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या भागातून गेलेल्या एका ग्रहणातलं आहे.

१८ ऑगस्ट १८६८. खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून आत शिरली आणि विजापूर, गुंटूर करत पूर्व किनाऱ्याकडे गेली. गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ प्येर जान्सेन वर्णपटमापक लावून बसले होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमध्ये तेजस्वी रेषा दिसल्या, आणि त्या इतक्या ठळक होत्या की जान्सेननी दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्या पाहिल्या. त्यातली एक पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांच्या अगदी जवळ होती. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला पडतात, ही ५८७.६ ला. फरक दीड-दोन नॅनोमीटरचा. पट्टा जरा धूसर असता तर 'सोडियम' म्हणून विषय मिटला असता. पण ती सोडियमची नव्हती, पृथ्वीवर माहीत असलेल्या कशाचीच नव्हती. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी तिचा पिच्छा पुरवला आणि त्या अनोळखी मूलद्रव्याचं नाव पडलं हेलियम. पृथ्वीवर ते हाती लागायला १८९५ उजाडलं.

विजयदुर्गच्या किल्ल्यावर साहेबाच्या नावाने ओळखले जाणारे कट्टे आहेत. लॉकयर साहेबाने याच कट्ट्यावरून ते ग्रहण पाहिलं आणि इथेच हेलियमचा शोध लागला, असं तिथे सांगतात. मी कॉलेजात असताना तिथे उभा राहून अंगावर काटा आणून घेतलाय. प्रत्यक्षात त्या दिवशी लॉकयर इंग्लंडमध्ये होते. त्यांना त्या ज्वाळांच्या रेषा दिसल्या २० ऑक्टोबरला, तिथूनच, ग्रहणाशिवाय. ग्रहणाची सावली मात्र विजयदुर्गवरून खरंच गेली होती. कोकणावर भर सकाळी अंधार पडला, यात कुणाला काही मिसळायची गरज नव्हती. पण गोष्ट इतकी आपली वाटते की ती सोडवत नाही. हे जरा लक्षात ठेवा.

*

मित्राचा हेलकावा मोजणाऱ्या यंत्राचं नाव हार्प्स. चिलीच्या वाळवंटी डोंगरावर, ला सिया वेधशाळेत, ३.६ मीटर व्यासाच्या दुर्बिणीला ते जोडलेलं आहे. २००३ पासून ते काम करतंय. दुर्बिणीने गोळा केलेला प्रकाश काचतंतूने खालच्या खोलीत नेतात. तिथे निर्वात टाकीत बंद करून ठेवलेलं हे उपकरण प्रकाश फाकवतं. आतलं तापमान अंशाच्या शंभराव्या भागाइतकंही बदलू देत नाहीत, कारण धातू किंचित प्रसरण पावला तरी रेषा हलतात, आणि मग तारा हलला की टाकी, हे सांगता येत नाही. शेजारच्या दुसऱ्या काचतंतूतून थोरियमच्या दिव्याचा प्रकाश सोडतात. त्याच्या रेषा कुठे पडायला हव्यात हे पक्कं माहीत असतं. वाण्याच्या दुकानात वजन तोलताना दुसऱ्या पारड्यात माप असतं, तसा हा दिवा.

हार्प्स अख्खा वर्णपट एका सलग पट्टीत न मांडता ७२ तुकड्यांत, एकाखाली एक, वहीच्या ओळींसारखा कॅमेऱ्याच्या चिपवर मांडतं. सेकंदाला एक मीटर वेगाने तारा हलला तर चिपवर रेषा सरकते पिक्सेलच्या साधारण हजाराव्या भागाइतकी. एका रेषेवरून हे कळणं अशक्य आहे. म्हणून हजारो रेषा एकदम घेतात, ताऱ्याच्या अपेक्षित बारकोडचा साचा त्यावर सरकवत नेतात आणि कुठे सर्वांत चपखल बसतो ते बघतात. प्रत्येक रेषेतली अनिश्चितता मोठी, पण हजारो रेषांचं एकमत भक्कम.

मोठ्या दुर्बिणी इथे लागतात. प्रकाश इतका ताणला, इतक्या बारीक तुकड्यांत वाटला, की प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला मूठभर फोटॉन येतात. फोटॉन कमी तर आकडा डळमळीत. ३.६ मीटरच्या आरशाऐवजी ८.२ मीटरचा घेतला तर प्रकाश पाचपट मिळतो. चिलीतच पारानालला ८.२ मीटरच्या चार दुर्बिणी आहेत आणि एस्प्रेसो नावाचं नवं उपकरण त्यांपैकी कुठल्याही एकीचा किंवा चारही दुर्बिणींचा प्रकाश एकत्र घेऊ शकतं. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने पहिला प्रकाश पाहिला. त्याचं लक्ष्य सेकंदाला १० सेंटीमीटर हे आहे. हा आकडा उगाच निवडलेला नाही. पृथ्वी सूर्याला वर्षभरात जो हेलकावा देते तो सेकंदाला ९ सेंटीमीटरचा आहे. म्हणजे लांबून कुणी आपल्याला शोधत असेल तर त्याला एवढं बारीक बघावं लागेल.

याच पद्धतीने १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांनी ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा ग्रह शोधला होता. फ्रान्समधली १.९३ मीटरची दुर्बीण आणि एलोडी नावाचा वर्णपटमापक. तो हेलकावा सेकंदाला साठ मीटरच्या आसपास होता, ग्रह गुरूच्या किमान निम्मा. २०१९ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. साठ मीटरवरून एकावन्न सेंटीमीटरवर यायला सतरा वर्षं लागली. या सतरा वर्षांत यंत्रं इतकी सुधारली की एक नवीच अडचण समोर आली. आता यंत्र नाही, तारा स्वतःच गोंगाट करत होता.

*

तारा हा गुळगुळीत गोळा नाही, ते उकळतं पातेलं आहे. पृष्ठभागावर तप्त वायूचे बुडबुडे वर येतात, थंड होऊन खाली जातात. अख्खा गोळा घंटेसारखा थरथरतो, सूर्याच्या बाबतीत दर पाचेक मिनिटांनी. त्यावर डाग येतात. तारा स्वतःभोवती फिरतो तेव्हा डाग एका कडेने उगवून दुसऱ्या कडेला मावळतात आणि त्यामुळे रेषांचा आकार किंचित तिरका होतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, तारा हलला. अल्फा सेंटॉरी बी स्वतःभोवती फिरायला साधारण ३८ दिवस घेतो, त्यामुळे डागांचा हा खोटा हेलकावाही ३८ दिवसांचा, आणि त्याच्या निम्म्याचा, तिसऱ्या हिश्श्याचा.

याच्यावर ए ताऱ्याची ओढ आहे. याच्यावर आपली पृथ्वी स्वतःच सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती धावतेय. म्हणजे शोधायच्या हेलकाव्याच्या जवळजवळ साठ हजार पट. हे सगळं एकेक करून वजा करायचं आणि तळाशी उरेल ते बघायचं.

झाव्हिये द्युम्युस्क आणि सहकाऱ्यांनी हेच केलं. २००८ ते २०११ या काळात घेतलेली ४५९ मोजमापं. त्यातून जोडताऱ्याची ओढ काढली, डागांचे हेलकावे काढले, आणि जे उरलं त्यात ३.२४ दिवसांवर एक काडी उभी राहिली. काम अत्यंत कसून केलेलं होतं. आणि त्यांनी एक मोठी गोष्ट केली, सगळी मोजमापं खुली केली.

२०१३ मध्येच आर्टी हात्झेस यांनी तोच डेटा वेगळ्या पद्धतीने गाळून पाहिला, आणि त्यांना ती काडी तेवढी खात्रीची वाटली नाही. गाळणी बदलली की ग्रह फिका पडत होता. मग २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या विनेश राजपॉल, सुझान एग्रेन आणि स्टीफन रॉबर्ट्स यांनी एक वेगळीच गोष्ट केली. राजपॉल तेव्हा तिथे डॉक्टरेटचं काम करत होता. त्यांनी खोटा तारा बनवला. संगणकावर. त्यात डागांसारखा गोंगाट घातला, ग्रह घातला नाही. मग तो खोटा तारा अगदी त्याच तारखांना, त्याच वेळांना मोजल्यासारखे आकडे घेतले, ज्या वेळांना हार्प्सने खरा तारा पाहिला होता. आणि मूळ पेपरातलीच गाळणी लावली.

३.२४ दिवसांवर काडी उभी राहिली.

ज्यात ग्रह नव्हताच, त्या आकड्यांतून ग्रह निघाला. तो येत होता तारखांमधून. कोणत्या रात्री बघितलं, कोणत्या रात्री ढग होते, कधी दुर्बीण दुसऱ्या कुणाला दिली होती, या सगळ्या खाडाखोडीची स्वतःची एक लय असते. मोठे हेलकावे वजा केले की ही बारीक लय उघडी पडते. आपण मंडईत फक्त रविवारी जात असू तर आपल्याला वाटणारच, की मंडईत कायम गर्दी असते. त्यात मंडईचा दोष नाही, आणि डोळ्यांचाही नाही.

द्युम्युस्क यांनी हे काम चांगलं असल्याचं मान्य केलं. ग्रह बहुधा तिथे नाही, हेही मान्य केलं. भांडण नाही, तमाशा नाही.

*

हे सगळं माझ्या आयुष्यात शिरलं ते मावशीच्या फोनमुळे.

माझी धाकटी मावसबहीण मिरजेची. बारावीला चांगले मार्क, सीईटीला त्याहून चांगले. तिला फिजिक्समध्ये बीएससी करायचं होतं, पुढे खगोलशास्त्र. मावशीने मला फोन केला. "तू इंजिनियर आहेस, तुझं सगळं मार्गी लागलंय. तुझं ऐकेल ती. जरा समजाव." पाठोपाठ तिला सुट्टीत चार दिवस पुण्याला माझ्याकडे पाठवून दिलं.

मला मावशीचं म्हणणं कळत होतं. त्या घरात एक पगार आहे. फिजिक्सच्या वाटेवर बीएससी, एमएससी, पीएचडी, मग कुठे तरी दोन-दोन वर्षांच्या नेमणुका, हे मावशीला गुगल न करताही माहीत होतं. माझ्या कामात दर दोन आठवड्यांनी काहीतरी पूर्ण होतं. छोटं असतं, पण दाखवता येतं.

ती आली त्या रात्री गप्पांत मी तिला मित्राच्या ग्रहाची ही गोष्ट सांगितली. खरं सांगायचं तर मनात मावशीचीच बाजू होती. बघ, एवढं करून हाती काय आलं? ग्रह नाही.

ती म्हणाली, "दादा, आपण करून बघू या ना. खोटा तारा."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. आम्ही लॅपटॉप घेऊन बसलो. पायथनच्या शंभरेक ओळी. खरे आकडे वगैरे नाही, सगळं आमचंच. तीन वर्षांच्या तारखा घेतल्या, त्यातून पावसाळी ढगांच्या नावाखाली काही महिने उडवले, काही रात्री मनाला येईल तशा गाळल्या. ३८ दिवसांचा हेलकावा घातला, त्याच्या निम्म्याचा घातला, वर थोडा गोंगाट शिंपडला. ग्रह नाही. मग मोठे हेलकावे वजा केले आणि कोणता आवर्तनकाळ उरतो त्याचा आलेख काढला.

पाच दिवसांच्या जरा पुढे एक काडी उभी होती. शेजारच्या सगळ्या काड्यांपेक्षा ठळक.

आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. आत ग्रह नाही हे आम्हाला पक्कं माहीत होतं. आम्हीच तर घातला नव्हता. तरी ती काडी बघून छातीत काहीतरी हललं. ती हसत म्हणाली, "ठेव ना हा. छान आहे."

मी तारखा बदलल्या. दुसऱ्या रात्री गाळल्या, बाकी सगळं तेच. काडी तिथून गेली आणि नऊ दिवसांपाशी एक बुटकी उभी राहिली. पुन्हा बदलल्या, तीही गेली. प्रत्येक वेळी तिने आलेखावर बोट ठेवून वहीत लिहून घेतलं: तारखांचा संच, काडी कुठे, किती उंच. चाळीस संच झाले तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते आणि आम्ही जेवलो नव्हतो.

मग तिने तो प्रश्न विचारला. "राजपॉलचं बरं होतं. त्याला निदान चूक सापडली. पण समजा मी पाच वर्षं एक तारा बघितला आणि त्यात काहीच नाही निघालं तर? मग मी पाच वर्षं केलं काय?"

मावशीला समजावायला हवं होतं ते वाक्य इतकं आयतं माझ्या हातात कुणी दिलं नसतं. मी ते उचललं नाही. तिने दिवसभर भरलेली वही समोर होती, आणि त्या चाळीस ओळींत ग्रह एकही नव्हता. तरी त्या वहीत काही नाही असं मला म्हणवेना.

*

त्या प्रश्नाचं उत्तर मला थोडंफार प्रॉक्सिमाच्या गोष्टीत सापडलं.

२०१६ च्या सुरुवातीला गियेम अँग्लादा-एस्कुदे आणि सहकाऱ्यांनी हार्प्सने प्रॉक्सिमा बघायला घेतला. त्याच्याभोवती ११ दिवसांचं काहीतरी आहे असा संशय जुन्या मोजमापांवरून होता, पण ती मोजमापं वर्षानुवर्षं तुटक-तुटक घेतलेली होती. म्हणजे तोच धोका. या वेळी त्यांनी तारखाच हातात घेतल्या. १९ जानेवारी ते ३१ मार्च या काळात जवळपास दर रात्री एक मोजमाप. आणि त्याच वेळी दुसऱ्या लहान दुर्बिणींनी ताऱ्याची चमक बघत राहायचं, म्हणजे डागांमुळे तो फसवत असेल तर तिथे कळेल. ऑगस्टमध्ये त्यांनी ग्रह जाहीर केला. ११.२ दिवसांचा, पृथ्वीपेक्षा किंचित जड. २०२० मध्ये एस्प्रेसोने मोठ्या दुर्बिणीवरून स्वतंत्रपणे बघितलं. ग्रह होता.

म्हणजे सख्ख्या शेजाऱ्याकडे ग्रह निघालाच, फक्त तिसऱ्या भावाकडे. आणि तो टिकला, कारण तोवर सगळ्यांनाच माहीत झालं होतं की आकडे कसे फसवतात. नसलेल्या ग्रहाच्या पेपरातून नवा ग्रह मिळाला नाही, पण पुढच्या प्रत्येक ग्रहाला विचारायचा एक प्रश्न मिळाला: तू तारखांमधून तर आला नाहीस?

आता तर हाच बारीक वर्णपट ताऱ्यापलीकडे, थेट ग्रहाच्या हवेपर्यंत पोहोचतोय. केल्ट-९ बी नावाचा एक महाकाय ग्रह ताऱ्याभोवती दीड दिवसात फेरी मारतो. तो ताऱ्यासमोरून जाताना प्रकाशाचा एक इवलासा भाग त्याच्या वातावरणातून गाळून येतो. २०१८ मध्ये ला पाल्मा बेटावरच्या हार्प्स-नॉर्थ या जुळ्या उपकरणाने त्यात लोखंडाच्या आणि टायटॅनियमच्या वाफेची खूण पकडली. तिथेही युक्ती तीच, हजारो पुसट रेषा एकत्र करायच्या. आणि धोकाही तोच, की एकत्र करताना आपल्याला हवं ते तर आपण गोळा करत नाही ना?

आपल्याकडे माउंट अबूला भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचा पारस नावाचा असाच वर्णपटमापक आहे. १.२ मीटरच्या दुर्बिणीवर काम करून तिथल्या गटाने २०१८ मध्ये सहाशे प्रकाशवर्षांवरचा एक ग्रह मोजला, पृथ्वीच्या सत्तावीसपट जड. पुण्याची आयुका तीस मीटर दुर्बिणीच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातल्या भारतीय संस्थांपैकी एक आहे. हे मी बहिणीला सांगितलं ते आशा दाखवायला नाही, पत्ता माहीत असावा म्हणून.

*

मावशीला मी जे सांगितलं ते थोडक्यात असं. ती हुशार आहे म्हणून फिजिक्सला जाऊ दे, असं मी म्हणत नाही. हुशार मुलं कुठेही चालतात. पण दिवसभर राबून आलेलं छान दिसणारं उत्तर तिला तपासून फेकून देता येतं, आणि फेकल्यावर ती रडत नाही, वहीत नोंद करते. माझ्या क्षेत्रात अशी माणसं हवी असतात, तिच्या क्षेत्रात ती नसली तर कामच होत नाही. पैशांचं म्हणशील तर पैसे कमी आहेत आणि उशिरा आहेत. हे खरं आहे आणि मी ते तिलाही सांगितलंय. सोबत स्टॅटिस्टिक्स आणि प्रोग्रामिंग पक्कं करायचं, एवढी अट आमच्यात ठरलीय.

मावशी म्हणाली, "म्हणजे तू माझ्या बाजूने नाहीसच." फोन ठेवताना जेवलास का हे तिने विचारलं नाही. अजूनही ती माझ्याशी जरा तुटकच बोलते. बहिणीने सांगलीत बीएससीला प्रवेश घेतला. तिचं बरं होईल का, हे मला ठाऊक नाही. तसं माझ्या वर्गातल्या ज्यांनी इंजिनियरिंग घेतलं त्यांच्याबद्दलही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

विजयदुर्गला आम्ही दोघं एकदा जाणार आहोत. लॉकयर तिथे नव्हते हे तिला माहीत आहे. तरीही तिला त्या कट्ट्यावर उभं राहून सावली कुठून आली असेल ते बघायचंय. मला वाटतं, गोष्टीतलं खोटं काढून टाकल्यावरही जे उरतं ते बघायला जायचं, यासारखी सहल नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये बातमी आली. जेम्स वेब दुर्बिणीने अल्फा सेंटॉरी ए च्या, म्हणजे मित्राच्या दुसऱ्या भावाच्या शेजारी एक पुसट ठिपका टिपलाय. शनीएवढ्या वस्तुमानाचा ग्रह असू शकेल. एका वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो दिसला, पुढच्या वर्षी फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये शोधला तर दिसला नाही. कक्षेत फिरताना तो ताऱ्याच्या फार जवळ गेला असेल, किंवा मुळात नसेल. शास्त्रज्ञांनी शब्द वापरलाय 'संभाव्य'.

बहिणीने मला त्या बातमीची लिंक पाठवली. खाली एकच ओळ होती.

"दादा, हा ठेवायचा का?"

मी लिहिलं, "तारखा बघ आधी."